दंतवैद्याचा हात

मराठींत ‘हातगुण’ असा एक शब्द आहे. वैद्याला यश आलें म्हणजे आपण औषधाचें नांव घेत नाहीं, ग्रंथाचें तर नाहींच. ‘त्याचा हातगुण चांगला’ एवढेंच म्हणतों. हा शब्द जितका गोड तितकाच फसवा आहे. त्यांत गुण आहे, पण तो कोठून आला याची चौकशी नाहीं. जणूं कांहीं तो तळहाताच्या रेषांबरोबर जन्मतःच मिळालेला असतो. उलट ‘हात बसणें’ हा दुसरा वाक्प्रचार घ्या. लोहाराचा, सोनाराचा, शिंप्याचा हात ‘बसतो’. म्हणजे तो अगोदर बसलेला नसतो, पुष्कळ दिवस चुकतो, वांकडा जातो, आणि मग केव्हां तरी बसतो. वैद्याला हातगुण आणि कारागिराला हात बसणें, अशी जी वांटणी भाषेनें करून ठेवली आहे, तींत आपल्या समाजाचा एक जुना समज दडलेला आहे. दंतवैद्यकाचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे हा समज किती ठिकाणीं आडवा आला हें ध्यानांत येतें. कारण वैद्यकाच्या सर्व शाखांत कारागिरीच्या इतकी जवळची शाखा दुसरी क्वचितच असेल.

या शाखेचें काम किती लहान जागेंत चालतें याची कल्पना सामान्य माणसास नसते. खालची पहिली मोठी दाढ घेतली तरी तिची रुंदी सुमारें एक सेंटिमीटर. तिच्यावरील शुभ्र कवचाची जाडी, जेथें तें सर्वांत जाड तेथेंहि, दोन-अडीच मिलिमीटरांच्या पलीकडे जात नाहीं. त्याच्या आंत जिवंत मज्जा. कीड कोरून काढावयाची, पण मज्जेस धक्का लागूं द्यावयाचा नाहीं. जागा अंधारी, ओली, आणि तिचा मालक जागा! त्यांतहि वरच्या दाढांचें काम सरळ पाहून बहुधा करतांच येत नाहीं. लहानशा आरशांत पाहून करावें लागतें, आणि आरशांत पुढचें मागें दिसत असल्यामुळें हाताला डोळ्याच्या साक्षीविरुद्ध चालण्याची संवय लावावी लागते. ही संवय पुस्तक वाचून लागत नाहीं.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हती असें कोणी म्हणूं नये. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील नववा अध्याय केवळ हाताच्या शिक्षणासाठींच लिहिलेला आहे. ‘योग्या’ म्हणजे सराव. आणि शिष्य सर्व शास्त्र शिकून चुकला तरी त्याच्याकडून योग्या करवून घ्यावी, असा त्या अध्यायाचा हुकूम आहे. तपशील वाचण्यासारखा आहे. कापण्याचा सराव कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी यांच्यावर. भेदण्याचा सराव पाण्यानें किंवा चिखलानें भरलेल्या कातडी पिशवीवर. खरवडण्याचा सराव केस असलेल्या चामड्यावर. शीर तोडण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरेवर किंवा कमळाच्या देंठावर. जखमेचा माग घेण्याचा सराव भुंग्यानें पोखरलेल्या लांकडांत अगर वेळूंत. शिवण्याचा सराव कापडाच्या कांठांवर व मऊ कातड्यावर. आणि पट्ट्या बांधण्याचा सराव मनुष्याकृति पुतळ्याच्या अवयवांवर. आमच्या विषयाशीं प्रत्यक्ष संबंध आहे तो ‘आहार्य’ या कर्माचा, म्हणजे शरीरांतून वस्तु ओढून बाहेर काढण्याचा. त्यासाठीं फणस, तोंडलें आणि बेल यांच्या गरांतून बिया काढाव्या, आणि मेलेल्या पशूंचे दांत उपटून पाहावे असें सांगितलें आहे. फणसांतील आठळी आणि हिरडींतील दांत यांच्यांतील साम्य ज्याच्या डोळ्यांस दिसलें त्यानें दोन्ही गोष्टी स्वतःच्या हातांनीं केलेल्या होत्या, याबद्दल आम्हांस तरी शंका वाटत नाहीं. याच संहितेंत शस्त्रांच्या यादींत ‘दंतशंकु’ आहे. दांतांवरील कीट खरवडून काढण्याचें तें हत्यार.

त्याच सूत्रस्थानांत आणखी एक विचार येतो. ज्याला शास्त्र येतें पण कर्म येत नाहीं तो रोग्यापुढें आला म्हणजे रणांगणावर आलेल्या भित्र्यासारखा गडबडतो. ज्याला कर्म येतें पण शास्त्र येत नाहीं त्याला सज्जनांत मान मिळत नाहीं, इतकेंच नव्हे तर राजानें त्याला शिक्षा करावी. आणि हे दोघेहि एकाच पंखाच्या पक्ष्याप्रमाणें होत. विचार न्याय्य दिसतो. पण दोघांस ठरविलेली फळें ताडून पाहावीं! शास्त्रज्ञ गडबडला तर गडबडला. कारागीर मात्र राजदंडास पात्र. तराजू त्या काळींच थोडा कलला होता आणि पुढें तो कलतच गेला. ज्यानें ग्रंथ वाचावा त्यानें हात मळवूं नयेत आणि ज्याचे हात मळलेले त्याच्या कानावर ग्रंथ पडूं नये, अशी स्थिति आल्यावर योग्येचा अध्याय पोथींत राहिला आणि योग्या मात्र वेगळ्याच घरीं गेली.

कोणाच्या घरीं गेली याचा एक पुरावा पुण्याजवळचाच आहे. १७९४ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें एक पत्र प्रसिद्ध झालें. इंग्रजी फौजेकडील कावसजी नांवाचा बैल हांकणारा १७९२ च्या युद्धांत टिपूच्या हातीं सांपडला आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. वर्षभर तो बिननाकाचा होता. नंतर पुण्याजवळच्या एका माणसानें त्याला नवें नाक बसवून दिलें. कंपनीच्या नोकरींतील दोघां इंग्रज वैद्यांनीं ही शस्त्रक्रिया पाहिली होती. करणारा माणूस जातीनें वीट करणारा होता असें पत्रांत आहे. म्हणजे आपल्याकडील कुंभार. त्याची रीत अशी: प्रथम मेणाचा पातळ पत्रा घेऊन तो तुटलेल्या नाकाच्या बुंध्यावर नाकाच्या आकाराचा बसवावयाचा, मग तोच पत्रा कपाळावर सपाट पसरून त्याच्या कडेनें रेघ काढावयाची, आणि तेवढी त्वचा, भिवयांमधील देंठ न तोडतां, सोलून खालीं वळवावयाची. गोलाकार वस्तु सपाट केली तर केवढी जागा व्यापील, हा हिशेब त्यानें कागदावर केला नव्हता. तो मातीच्या धंद्यांत वाढलेल्या बोटांनीं केला. या वृत्तान्ताच्या आधारानें १८१४ सालीं जोसेफ कार्पू यानें लंडनमध्यें हीच शस्त्रक्रिया केली आणि तिच्यावर ग्रंथ लिहिला, म्हणून त्याचें नांव वैद्यकाच्या इतिहासांत आहे. त्या कुंभाराचें नांव मात्र त्या पत्रांत नाहीं. हें नाकाचें उदाहरण दांतांच्या लेखांत आम्हीं मुद्दाम घातलें. कारण मेणाच्या साह्यानें शरीराचा आकार उचलणें ही क्रिया कवळी करणाऱ्यास जन्मभर करावी लागते.

युरोपांत निराळें चित्र होतें असें नाहीं. तेथेंहि दांत उपटणें हें जत्रेंतल्या दांतकाढ्याचें आणि न्हाव्याचें काम. फरक एवढाच कीं, तेथें एका माणसानें हातांतली विद्या कागदावर उतरविली. पिएर फोशार हा फ्रेंच दंतवैद्य १६७८ सालीं जन्मला. १७२८ सालीं त्यानें आपला द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळचे धंदेवाईक आपापल्या युक्त्या घराण्याच्या ठेव्याप्रमाणें झांकून ठेवीत. फोशारनें हत्यारांच्या आकृति छापून सर्व कांहीं उघड केलें. रोग्याला जमिनीवर न बसवितां खुर्चींत बसवावें, वैद्यानें कोठें उभें राहावें, कोणता हात कोणत्या कामीं लावावा, अशा गोष्टी तो विस्तारानें सांगतो. घड्याळजी आणि जडित काम करणारे यांच्या हत्यारांवरून त्यानें आपलीं हत्यारें बेतलीं. दंतवैद्यांची परीक्षा ज्यांनीं कधीं दांतांचें काम केलें नाहीं असे शस्त्रवैद्य घेतात, ही त्याची तक्रार होती. आणि ती आजहि निरनिराळ्या रूपांनीं ऐकूं येते.

परंतु या धंद्याला खरें रूप आलें तें अमेरिकेंत, आणि तेंहि सोनार, सुतार व कातारी यांच्या हातून. बॉस्टनचा पॉल रेव्हीर हा चांदीकाम करणारा. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धांतील त्याची घोडदौड सर्वश्रुत आहे. १७६८ मध्यें त्यानें आपण कृत्रिम दांतहि बसवितों अशी जाहिरात दिली होती. त्याचा स्नेही डॉक्टर जोसेफ वॉरन हा १७७५ सालीं बंकर हिलच्या लढाईंत पडला. पुढच्या वर्षीं प्रेत उकरून काढलें तेव्हां चेहरा ओळखूं येईना. रेव्हीरनें स्वतः तारेनें बांधलेला दांत पाहून तें ओळखलें. कारागीर आपलें काम विसरत नाहीं.

जॉन ग्रीनवुडची गोष्ट आमच्या वाचकांस अधिक जवळची वाटेल. बाप हस्तिदंताचें कातकाम करणारा. मुलगा लहानपणीं सुताराकडे उमेदवारी करून आलेला. १७९० च्या सुमारास त्यानें आईचा पायानें चालणारा चरखा घेतला आणि त्याच्या फिरत्या चाकाला गिरमिट जोडून दांत कोरण्याचें यंत्र बनविलें. याच ग्रीनवुडनें जॉर्ज वॉशिंग्टनच्या कवळ्या केल्या. वॉशिंग्टनचे दांत लांकडी होते ही केवळ दंतकथा आहे (दांतांविषयींची म्हणून शब्दशःहि दंतकथाच!). १७८९ सालीं तो अध्यक्ष झाला तेव्हां त्याच्या तोंडांत स्वतःचा एकच दांत उरला होता. ग्रीनवुडनें पाणघोड्याच्या दांतांतून कवळी कोरली आणि त्या एका दांतासाठीं तींत भोंक ठेवलें. वॉशिंग्टनच्या १७८४ च्या हिशेबवहींत निग्रो गुलामांकडून दांत विकत घेतल्याचीहि नोंद आहे. स्वातंत्र्याच्या इतिहासांत ही नोंद वाचतांना मान खालीं जाते.

ग्रीनवुडकडे रोगी म्हणून गेलेला होरेस हेडन हा पुढें स्वतः दंतवैद्य झाला, आणि त्यानें व चॅपिन हॅरिस यानें १८४० सालीं बाल्टिमोर येथें जगांतील पहिलें दंतवैद्यक महाविद्यालय काढलें. पहिल्या वर्गांत पांच विद्यार्थी. १८४१ सालीं दोघांस पदवी. हातांतली विद्या अशा रीतीनें वर्गांत येऊन बसली. यांत लाभ होता तसा धोकाहि होता. पण तो धोका निदान प्रारंभीं टळला, याचें प्रत्यंतर त्या दोन पदवीधरांपैकीं एकानेंच दिलें. रॉबर्ट आर्थर यानें १८५५ सालीं असें दाखविलें कीं, सोन्याचा शुद्ध वर्ख ज्योतीवर तापवून घेतला तर त्याचे थर थंड असतांच, नुसत्या दाबानें, एकमेकांत मिळून जातात. त्यामुळें दांताचा मोडलेला कोपरा सोन्यानें पुन्हां उभा करतां येऊं लागला. वर्खाची बारीक गोळी, तीवर दुसरी, प्रत्येकीवर हातोडीचे मोजून मापून ठोके. एक भरण तासन् तास चाले, आणि मध्यें थुंकीचा एक थेंब गेला तर सर्व श्रम व्यर्थ. शोध रसायनाचा खरा, पण त्याचा उपयोग करणें न करणें सर्वस्वीं मनगटावर अवलंबून होतें.

या परंपरेचा कळस म्हणजे ग्रीन व्हर्डिमन ब्लॅक. इलिनॉय प्रांतांतील शेतकऱ्याचा हा मुलगा १८३६ सालीं जन्मला. शाळेचें शिक्षण बेताचें. दंतवैद्यकाचें शिक्षण म्हणजे १८५७ सालीं एका दंतवैद्याजवळ काढलेले कांहीं महिने. तोच पुढें १८९७ सालीं शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या दंतविद्यालयाचा प्रमुख झाला. पाऱ्याच्या मिश्रणाचें शास्त्रीय प्रमाण त्यानें बसविलें, १८९० सालच्या ग्रंथांत दांतांचीं मापें दिलीं, १९०८ सालीं शस्त्रकर्मावरील मोठा ग्रंथ लिहिला. पण आमच्या दृष्टीनें त्याची सर्वांत मोलाची कृति निराळीच आहे. त्याच्या पूर्वीं प्रत्येकाचीं हत्यारें स्वतःचीं. गुरूची कोरणी शिष्याला नेमकी सांगतां येत नसे, फक्त दाखवितां येत असे. ब्लॅकनें प्रत्येक हत्याराला तीन आंकडे दिले: पात्याची रुंदी दशांश मिलिमीटरांत, लांबी मिलिमीटरांत, आणि दांड्याशीं होणारा कोन, वर्तुळाचे शंभर भाग कल्पून त्या भागांत. दहा-सात-चौदा म्हटलें कीं एक मिलिमीटर रुंद, सात लांब, चौदा भाग वळलेलें पातें, मग तें शिकागोंत असो वा मुंबईंत. हाताचें ज्ञान शब्दांत येत नाहीं असें पुष्कळ पंडित सांगतात. येथें तें तीन आंकड्यांत आलेलें आहे. कारागिराच्या विद्येला कमी न लेखतां शास्त्राच्या पंक्तीस बसविणें म्हणजे काय, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस आढळलें नाहीं.

त्यानंतर मात्र पारडें फिरलें. १९२६ सालीं विल्यम गीझ यानें कार्नेगी संस्थेसाठीं अमेरिका व कॅनडा यांतील दंतशिक्षणाची पाहणी प्रसिद्ध केली. दंतवैद्यकाला विद्यापीठांत वैद्यकाच्या बरोबरीचें स्थान मिळालें पाहिजे हें तिचें प्रतिपादन योग्यच होतें. पण विज्ञानविषय वाढले तसा एक प्रश्न पुढें आला: पुस्तकांत हुशार असलेला मुलगा खुर्चीपाशीं लुळा ठरला तर काय करावें? उत्तर म्हणून प्रवेशापूर्वींच हाताची परीक्षा घेण्याची टूम निघाली. अमेरिकेंत १९५० पासून देशभर चालू झालेल्या योग्यता-परीक्षेंत उमेदवाराला खडूचा दंडगोल व चाकू देत आणि नमुन्याप्रमाणें आकृति कोरावयास सांगत. १९७२ च्या सुमारास ती गेली आणि तिच्या जागीं कागदावरील आकृति ओळखण्याची परीक्षा आली. कॅनडांत खडूच्या ऐवजीं साबण होता. अर्ध्या तासांत साबणाच्या वडींतून सपाट बाजू, तीक्ष्ण कोन आणि सारखे भाग असलेली आकृति काढावयाची. ही प्रथा एकविसावें शतक उजाडल्यानंतरहि चालू होती. ज्यांनीं या परीक्षांचे गुण पुढील कामाशीं ताडून पाहिले त्यांस दोहोंचा संबंध अपेक्षेइतका दृढ आढळला नाहीं.

यांत आश्चर्य तें काय? दारांतच हात तपासणें म्हणजे ‘हातगुण’ जन्मजात मानणें. सुश्रुतानें कोहळा आणि कलिंगड शिष्यांची निवड करण्यासाठीं सांगितलेलें नाहीं, शिष्य घडविण्यासाठीं सांगितलें आहे. ज्या घरांत सुतारकाम, विणकाम किंवा वाद्य आहे त्या घरचा मुलगा साबण चांगला कोरील. ज्याच्या हातीं लहानपणापासून फक्त पुस्तकच दिलें गेलें त्याचा साबण मोडेल. पण पहिल्याला जें घरीं मिळालें तें दुसऱ्याला विद्यालयानें द्यावें, यासाठींच विद्यालय. १८९४ सालीं ग्लासगो येथें ऑस्वल्ड फर्गस यानें सराव करण्यासाठीं कृत्रिम मस्तक तयार केलें. खुर्चीला जोडलेल्या त्या डोक्याच्या जबड्यांत दांत बसवून विद्यार्थी जिवंत माणसाकडे वळण्यापूर्वीं हात बसवूं लागला. सुश्रुताच्या पुतळ्याचाच हा वंशज.

आपल्या देशांतील हकीकत यापुढें सांगतों, कारण तींत माणसांचा प्रश्न आहे. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठाची पदवी घेऊन परत आलेले डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास पहिलें दंतविद्यालय स्थापिलें, तेंहि प्रारंभीं ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ या दुकानाच्या आधारावर. १९३३ सालीं मुंबईस नायर रुग्णालयाचें दंतविद्यालय निघालें, १९३४ सालीं लाहोरचें. म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पदवीधर दंतवैद्य हाताच्या बोटांवर नव्हे तरी फार थोडे होते. मग एवढ्या मोठ्या देशाचे दांत कोण पाहत होतें? बापाकडून अगर उस्तादाकडून शिकलेले लोक. कलकत्त्यांत चीनच्या हूपे प्रांतांतून आलेल्या कुटुंबांनीं हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालविला; इतरत्र कोणी कवळ्या करतां करतां दांत काढावयास शिकला, कोणी एखाद्या साहेब दंतवैद्याच्या हाताखालीं राहून.

१९४८ च्या दंतवैद्य कायद्यानें यांचें काय केलें तें पाहण्यासारखें आहे. नोंदणीपुस्तकाचे दोन भाग पाडले: पहिल्यांत मान्य पदवी असलेले, दुसऱ्यांत पदवी नाहीं पण निदान पांच वर्षें याच धंद्यावर ज्यांनीं उपजीविका केली ते. इंग्लंडांत १९२१ च्या कायद्यानें असेंच केलें होतें. अडाणी माणसाच्या हातीं चिमटा राहूं नये हा हेतु रास्त होता. घाणेरड्या हत्यारांनीं किती जबडे नासले असतील याची गणती नाहीं, आणि त्या दुसऱ्या भागांतील सर्वच लोक कुशल होते असें आम्ही म्हणत नाहीं. पण जे कुशल होते त्यांच्या हातांत जें होतें तें विद्यालयांनीं मागून घेतलें नाहीं. बाल्टिमोर आणि शिकागो येथें कारागीर स्वतः अध्यापक झाला. आपल्याकडे त्याला नोंदींत जागा मिळाली, वर्गांत मिळाली नाहीं. कांहीं अपवाद वगळतां नव्यांस त्या भागाचें दार बंद झालें, आणि जुने एकेक करून काळाआड गेले. २०२३ सालीं संसदेनें राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत केला.

आज दंतविद्यालयांतील प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर होतो. तींत पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र आहे, हात नाहीं. दारावर हात न तपासणें आम्हांस मान्य आहे. मात्र त्यामुळें आंतलें काम दुप्पट होतें. मिनिटाला तीन लाख फेरे घेणारें गिरमिट १९५७ सालीं आल्यापासून चुकीला वेळच उरलेला नाहीं. चरख्यावरचें गिरमिट चुकलें तर निदान थांबवितां येत असे. १९८५ सालीं झुरिक येथें यंत्रानें कोरलेलें भरण रोग्याच्या दांतांत बसविलें गेलें तेव्हांपासून हाताची गरज संपली असें म्हणणारे निघाले आहेत. पण ज्या खळग्यांत तें भरण बसावयाचें तो खळगा अद्यापि हातच करतो.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस मेणाचा ठोकळा देतात. वरचा मधला पटाशीचा दांत: शिखर साडेदहा मिलिमीटर, मूळ तेरा, रुंदी साडेआठ. मापें पाठ करावयास पांच मिनिटें पुरतात. मग चाकू घेऊन तो मुलगा बसतो. एका बाजूचा उतार अधिक जातो, तो जुळवावा तर दुसरी बाजू बारीक होते, आणि अखेर साडेआठाचे साडेसात होतात. शिक्षक मापक लावून पाहतात, कांहीं न बोलतां ठोकळा बाजूला ठेवतात, आणि पेटींतून दुसरा काढून त्याच्यापुढें ठेवतात.